मस्कीसाठी पाण्यावरचा ल्युअर डुलवताना

मस्की, म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी मासा, पकडताना "ल्युअर (गळ लावलेलं नकली आमिष) सरळच येतो, डावी-उजवीकडे डुलत नाही," असं एकाने विचारलंय. बहुतेक वेळा कारण एकच असतं: दोर सतत ताणलेला राहतो. रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवा, मनगटाने छोटा झटका द्या आणि लगेच टोक पुढे सोडा. ती ढील मिळाली तरच झारा स्पूकसारख्या तरंगत्या ल्युअरचं नाक वळतं. पुढचा झटकाही ढिल्या दोरावरच पडायला हवा. रीलने फक्त उरलेली ढील गोळा करायची, ल्युअर ओढायचा नाही.

दोर 80 पौंडांचा ताण सोसणारा ब्रेड, म्हणजे विणलेला, घ्या, तो तरंगतो. दोर आणि ल्युअर यांच्यामधला तुकडा म्हणजे लीडर. जाड फ्लुओरोकार्बनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) लीडर बुडतो आणि ल्युअरचं नाक खाली खेचतो, म्हणून मी आखूड तारेचा लीडर लावतो.

खरी कसोटी मासा झडप घालतो आणि पाणी उसळतं तेव्हा. हात आपोआप वर जातो आणि ल्युअर माशाच्या तोंडासमोरून निघून येतो. मस्कीची पहिली झडप कितीदा तरी चुकते. लय मोडू नका, दोरावर वजन जाणवल्यावरच जोरात खेचा. काहीच झालं नाही तरी होडीजवळ रॉडने ल्युअर पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, वळणं रुंद ठेवा. मागे मागे आलेला मासा तिथेच ल्युअर पकडतो.

आणि एक कळकळीची विनंती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात साधारणपणे 54 इंचांखालचा मस्की सोडावाच लागतो. गळ काढताना त्याला जाळ्यात, पाण्यातच ठेवा. भर उन्हाळ्यात पाणी 80 अंश फॅरेनहाइटवर गेलं की मी मस्कीच्या मागे जातच नाही. सोडलेला मासाही मग दगावतो.