सांभाळून घेण्याचाच तर त्रास आहे

ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांचा एकवीसचा जुगार (पानांची बेरीज एकवीसच्या पुढे गेली की बाद). त्याच्या टेबलावर बायकांना सगळे सांभाळूनच घेतात, असं काही जण म्हणतात. मला त्या सांभाळून घेण्याचाच वीट आलाय. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोत मी शेवटच्या खुर्चीवर होते, म्हणजे माझ्यानंतर थेट डीलरची, कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याची, पाळी. माझी बेरीज बारा, डीलरची तिर्री उघडी. अशा वेळी पान घ्यायचं, हे हिशोबाने ठरलेलं आहे. घेतलं, दश्शी आली, मी बाद. डीलरचे झाले वीस. लगेच शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, डीलरचं पान तुम्ही खाल्लंत. विचारायचं ना!" म्हणजे ती दश्शी डीलरला गेली असती, तर तो बाद झाला असता. आधी त्याच खुर्चीवरच्या एका काकांनी असंच पान घेतलं, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. अहो, पुढचं पान कोणाला दिसतं? शेवटच्या खेळाडूमुळे टेबल जितक्यांदा बुडतं तितक्यांदा तरतंही. तेव्हा मात्र आभार मानायला कोणी येत नाही.

हे आजचं नाही. एलेनॉर ड्युमाँट या बाईने 1854 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीत स्वतःचा जुगारअड्डा काढला, एकवीसचा डाव ती स्वतः वाटायची. लोकांनी नाव काय ठेवलं? 'मादाम मुस्टॅश', म्हणजे मिशीवाली बाई. पानं वाटणारा तिचा हात सोडून लोकांनी ओठावरची लव पाहिली, याचा मला अजून राग येतो.

आणि 'बायकांना हिशोब जमत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या, वाटली गेलेली पानं लक्षात ठेवून ब्लॅकजॅक खेळणाऱ्या संघात जेन विलिस होती, पुढे ती वकील झाली.