सेरेब्रल पाल्सी : चांगला हात बांधून ठेवायची थेरपी करावी का?

धायरीची_आई
मुलगी साडेपाच वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे) उजव्या बाजूचं हेमिप्लेजिया, म्हणजे ती बाजू कमजोर आणि ताठर. चालते, पळते, बडबड अखंड. पण उजवी मूठ आवळलेली, अंगठा आत, आणि सगळं डाव्या हातानंच उरकते. थेरपीत सुचवलंय की रोज काही तास डाव्या हाताला मोजा घालून तो अडकवून ठेवा. सासूबाई म्हणतात, धडधाकट हात बांधून लेकराला आणखी पांगळं कशाला करता? मी शिवाजीनगरहून घरी पोचेपर्यंत सात वाजतात. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास थेरपी, त्यापलीकडे जमत नाही. कोणी हे केलंय का? स्नायू सैल करायच्या बोटॉक्स इंजेक्शनबद्दलही सांगा.

ओटी_कोथरूड
ताई, मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजींची काळजी रास्त आहे, त्यांना गप्प करू नका.

चांगला हात अडकवायच्या या पद्धतीला सीआयएमटी (कन्स्ट्रेंट-इन्ड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी) म्हणतात. अमेरिकेतल्या एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून ती आली. एक हात सोपा पडतो म्हणून मेंदू दुसऱ्याला विचारेनासाच होतो, ती सवय मोडायची. पण हात अडकवणं हे निम्मंच काम. त्या वेळात कुणीतरी समोर बसून उजव्या हाताचे खेळ घ्यायला हवेत. नुसता मोजा चढवून टीव्हीपुढे बसवलं तर रडारडीपलीकडे काही मिळत नाही.

आणि बांधलंच पाहिजे असंही नाही. दोन्ही हातांची कामं भरपूर करून घ्यायची ‘हॅबिट’ ही पद्धत कोलंबिया विद्यापीठात तयार झाली. तास सारखे दिले तर दोन्हींचा फायदा साधारण सारखाच दिसतो. तुमच्या घरात मला हीच बरी वाटते.

खरी अडचण तासांची आहे. 2020 मधला एक आढावा सांगतो की एखादं ठरावीक काम शिकायला 14 ते 25 तास सराव लागतो, हाताचा एकूण वापर सुधारायला 30 ते 40. तुमच्या आठवड्याच्या एका तासानं 40 तास भरायला नऊ महिने जातील! पण घरचा सरावही यात धरतात, म्हणून आजींना हाताशी घ्या. मटार सोलणं, शेंगा फोडणं, डब्याचं झाकण, दप्तराची चेन. उजव्या हातानं नुसतं धरून ठेवलं तरी चालेल, तो मदतनीस हात झाला तरी खूप झालं. नुसतं बोटं ओढून ताणत बसल्यानं मात्र हात कामाला लागत नाही. यावर मी पालकांशी रोज भांडते.

काय शिकायचंय ते तिलाच विचारा. तिच्या मनातलं काम असेल तर ती शंभरदा करेल.

बिबवेवाडीचा_बाबा
आमच्या मुलाला बोटॉक्स दिलंय. ताठरपणा सैल होतो, पण तीन-चार महिन्यांपुरता. त्या काळात सराव झाला तरच उपयोग, नाहीतर खर्च आणि सुई दोन्ही वाया. अंगठा बाहेर राहावा म्हणून छोटा स्प्लिंटही (आधाराची पट्टी) मिळतो, डॉक्टरांना विचारा.
यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

धायरीची_आई
दोघांचेही मनापासून आभार. तिला विचारलं. म्हणाली, “शाडूचा गणपती, माझा मी करणार.” सासूबाई लगेच माती आणायला तयार! पण उजव्या हातानं तिला मळता येईल का?

ओटी_कोथरूड
येईल. माती नेहमीपेक्षा सैल भिजवा. घट्ट मातीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की मूठ आणखी आवळते. टेबल तिच्या कोपराच्या उंचीचं, पाय जमिनीला टेकलेले. पाट उजव्या हातानं धरायचा, गोळा डाव्यानं थापायचा. सोंड वळताना दोन्ही तळवे लागतात, ती शेवटी ठेवा. अंगठा आत गेला तर बोटं ओढू नका, मनगट हलकेच खाली वाकवा, मूठ आपोआप सैल होते. आजींना हे एकदा करून दाखवा.