डेंग्यूत प्लेटलेट २४ हजार, तरी पिशवी का लावत नाहीत?

कोथरूडकर: माझे सासरे (वय ६१) डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल आहेत. काल ताप उतरला, थोडे जेवण जाते, कोठूनही रक्तस्राव नाही. मात्र आज सकाळी प्लेटलेट २४ हजार आल्या आणि तेव्हापासून नातेवाइकांचे फोन थांबलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आत्ता प्लेटलेट देण्याची गरज नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला रक्त चढवले, पण पिशवीवर फक्त ‘तांबड्या पेशी’ असे लिहिलेले होते. कोणाला काय द्यायचे हे कशावरून ठरते, हे कोणी समजावून सांगेल का?

रक्तपेढी तंत्रज्ञ: शेजारच्या रुग्णाला काही कमी मिळालेले नाही. रक्तदात्याकडून घेतलेली ३५० किंवा ४५० मिलीलिटरची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि पिवळसर प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वर राहतो. मग घटक वेगवेगळ्या पिशव्यांत घेतले जातात, कारण प्रत्येकाची साठवण निराळी असते. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर, योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात; प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवून वर्षभर ठेवता येतो; प्लेटलेट मात्र फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, त्या २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ट्रेमध्ये जेमतेम ५ दिवस राहतात. पिशवी देण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून हलकेच हलवतो. आत धुरासारख्या लहरी उठल्या, तर प्लेटलेट चांगल्या आहेत असे समजतो.

एक फिजिशियन: रक्तस्राव नसेल, तर संख्या साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार होतो, रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल, तर निकष बदलतात. डेंग्यूत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात, शिवाय ॲलर्जी किंवा फुप्फुसांवर अतिरिक्त द्रवाचा ताण येण्याचा धोका असतोच, म्हणून केवळ आकडा सुधारावा यासाठी पिशवी लावणे मला योग्य वाटत नाही. खरी काळजी वेगळीच आहे. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास नाजूक असतात, कारण रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपू लागतो. त्यामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांकडे डॉक्टरांचे लक्ष असते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर परिचारिकेला तत्काळ सांगा. सासऱ्यांचा निर्णय अर्थात त्यांना तपासणारे डॉक्टरच घेतील.

थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई: माझ्या मुलाला दर तीन आठवड्यांच्या आसपास तांबड्या पेशी लागतात, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. पिशवी लावण्यापूर्वी रुग्णाचे नाव, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत हे सर्व परिचारिका मोठ्याने वाचून ताडून पाहतात, तेव्हा नातेवाइकांनी मध्ये बोलू नये. आणि पिशवी थंड लागते म्हणून ती गरम पाण्यात ठेवण्याचा आग्रह कोणी धरू नये; त्याने पेशी फुटतात.

कोथरूडकर: मनःपूर्वक आभार. घरातले दोघे रक्तगट जुळतो म्हणून आत्ताच प्लेटलेट द्यायला निघाले होते. त्यांनी थांबावे का?

रक्तपेढी तंत्रज्ञ: डॉक्टरांनी मागणी लिहून दिलेली नसेल, तर हो. रक्तपेढीत नाव आणि फोन नोंदवून ठेवावा. दात्याच्या प्लेटलेट यंत्राने काढून घेता येतात आणि गरज पडली, तर त्यांना लगेच बोलावता येईल.