शेवटची दहा मिनिटं आणि त्याआधीचा जाम
‘ओ रव्हार लेझांफां’ (1987) हा फ्रेंच चित्रपट नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या, ज्यू मुलं लपवलेल्या एका निवासी शाळेत घडतो. त्यात शेवटची दहा मिनिटं सोडली तर काहीच घडत नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. स्वयंपाकघरात काम करणारा लंगडा जोसेफ आठवून बघा. शाळेतली पोरं घरून आलेला जाम त्याला देऊन टपाल तिकिटं घेतात. चोरटा व्यापार उघडकीला आल्यावर नोकरी जाते ती त्याचीच. श्रीमंत घरची पोरं शिक्षेवर सुटतात, आणि जोसेफचा तोच राग पुढे गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, लपवलेल्या मुलांसाठी शाळेत घेऊन येतो. म्हणजे शेवटाची सगळी तयारी त्या जामच्या बाटल्यांतच झालेली असते! दुसऱ्यांदा पाहताना हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. दिग्दर्शक लुई माल जानेवारी 1944 मध्ये स्वतः 11 वर्षांचा होता आणि फोंतेनब्लोजवळच्या अशाच शाळेत शिकत होता. तिथे लपवलेल्या तीन ज्यू मुलांना ऑशवित्झला पाठवलं गेलं, त्यातलं कुणी परतलं नाही. मुलांना लपवल्याबद्दल पकडलेले मुख्याध्यापक फादर झाक माउटहाउझेनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा जिवंत होते, पण पार खंगलेले. जून 1945 मध्ये, महिनाभरातच, ऑस्ट्रियातल्या लिंझला ते वारले.