संस्थात्मक बदल-व्यवस्थापनात करिअर करायचे आहे; कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. मी गोकुळ शिरगावच्या एका कास्टिंग कारखान्यात सहा वर्षे नोकरी करते. आधी उत्पादन नियोजनात होते आणि नोकरी सांभाळून एमबीए झाल्यावर एचआरमध्ये आले. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे ईआरपी (साठा, उत्पादन, हिशेब अशा सर्व विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवले. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी दोन दिवस प्रशिक्षण दिले आणि ते निघून गेले. त्यानंतर स्टोअर, मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे), फेटलिंग (ओतलेल्या कास्टिंगची सफाई व घासकाम), डिस्पॅच अशा प्रत्येक विभागात जाऊन लोकांच्या शंका सोडवण्याचे काम, कोणी सोपवलेले नसताना, माझ्याकडे आले. त्यात मला जेवढा रस वाटला तेवढा हजेरी आणि पगारपत्रकांत कधी वाटला नव्हता. या कामाला ऑर्गनायझेशनल चेंज मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यात पूर्णवेळ करिअर करता येते, हे मला अलीकडेच कळले. त्यासाठी महागडे प्रमाणपत्र आधी घ्यावेच लागते का? आईवडील कोल्हापुरात असल्यामुळे पुण्याला जाणे कितपत टाळता येईल? आणि आमच्या फेटलिंगचे लोक आजही टॅबवर नोंदी करायला टाळाटाळ करतात. हे अपयश मुलाखतीत सांगावे की नाही?

उत्तर: पुण्यात ईआरपी प्रकल्पांवर काम करणारा, मूळचा राजारामपुरीचा

आधी एक घोळ दूर करतो, कारण नोकरी शोधताना त्यात अनेक जण अडकतात. ‘चेंज मॅनेजर’ या नावाच्या बऱ्याच जाहिराती आयटी सेवाक्षेत्रातल्या असतात आणि तिथे ‘चेंज’ म्हणजे सर्व्हरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये करायच्या तांत्रिक फेरफारांना मंजुरी देऊन त्यांची नोंद ठेवणे. आपल्याला हवे ते काम ‘ओसीएम’ (ऑर्गनायझेशनल चेंज मॅनेजमेंट), ‘चेंज अ‍ॅनालिस्ट’ किंवा ‘ट्रेनिंग अँड अ‍ॅडॉप्शन’ या नावांखाली शोधावे.

या कामाचा मोठा भाग नवी प्रणाली सुरू होण्यापूर्वीच होतो. कोणत्या पदावरच्या माणसाचे कोणते काम बंद होणार, कोणते नवे अंगावर पडणार, आणि (हे सर्वात नाजूक) कोणाच्या हातातली सही किंवा अधिकार जाणार, याचा तक्ता एकेका पदासाठी मांडावा लागतो. मग कोणाला कोणी सांगायचे ते ठरते. कंपनी हा बदल का करत आहे, हे लोकांना मालकांच्या तोंडून ऐकायचे असते. ‘माझे काय होणार’ हे मात्र त्यांना आपल्या थेट वरिष्ठाकडूनच ऐकायचे असते, आणि ही अदलाबदल झाली की अफवा सुरू होतात.

मुलाखतीत मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या बदलाच्या तीन टप्प्यांबद्दल आणि व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या आठ पायऱ्यांबद्दल विचारतात. रोजच्या कामात मला अधिक उपयोगी पडते ते जेफ हायट यांचे ‘एडकार’: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि दृढीकरण, याच क्रमाने. माणूस नेमका कोठे अडला आहे, हे त्यावरून शोधता येते. आपल्या फेटलिंगच्या लोकांना टॅब चालवता येत असेल, तर ते ज्ञानापाशी नव्हे, इच्छेपाशी अडले आहेत, आणि तिथे आणखी दहा प्रशिक्षणे घेतली तरी उपयोग होणार नाही.

प्रोसाय या बदल-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीचा प्रमाणपत्र वर्ग तीन दिवसांचा असतो. एपीएमजी या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या फाउंडेशन आणि प्रॅक्टिशनर अशा दोन परीक्षा आहेत. एसीएमपी या व्यावसायिक संघटनेच्या सीसीएमपी प्रमाणपत्रासाठी तर आधी काही वर्षांचा अनुभवच लागतो. प्रमाणपत्राची मदत होते, परंतु स्वतःच्या खिशातून पैसे घालण्याची घाई करू नये. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या जुन्या ईआरपीचे नियमित साहाय्य २०२७ अखेर संपत असल्यामुळे अनेक कंपन्या नव्या आवृत्तीकडे वळत आहेत आणि अशा प्रकल्पांना कारखाना आतून पाहिलेली माणसे हवी असतात. दोन-तीन वर्षे पुण्यात काढावी लागतील, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर: निवृत्त एचआर व्यवस्थापक, शिरोली औद्योगिक वसाहत

ताई, इच्छेचा मुद्दा वर आला आहे, त्यावर माझा एक अनुभव सांगतो. आमच्या कारखान्यात रिजेक्शनच्या नोंदी कागदावरून संगणकावर घेतल्या, तेव्हा फेटलिंगचा एक जुना सुपरवायझर रोज जवळजवळ तेच आकडे भरू लागला. एके दिवशी रात्रपाळीला मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून तेलकट डाग पडलेली छोटी डायरी काढली. तीत पेन्सिलीने प्रत्येक पॅटर्नचा (साच्याच्या नमुन्याचा) नंबर, ब्लोहोल (ओतताना वायू अडकून पडलेली पोकळी) किती, वाळूचा दोष किती, असे सगळे टिपलेले होते आणि ते आकडे संगणकातल्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. तो म्हणाला, “साहेब, दोष हुतोय मोल्डिंगला, पर सापडतोय माझ्या टेबलावर. खरं भरलं तर रिपोर्टात माझंच नाव येतंय न्हवं?” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते: स्क्रीनवर दोष जिथे सापडला त्याच विभागाच्या नावावर चढत होता. दोष कोठे झाला, असा आणखी एक रकाना घालायला अर्धा दिवस लागला. त्याआधी अडीच महिने आम्ही त्या माणसाला अडेलतट्टू म्हणत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट. पाळ्या, कामाचे तास यांत बदल होणार असेल किंवा यंत्रसुधारणेमुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल, तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये ही तरतूद होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. सॉफ्टवेअरच्या बाजूने या क्षेत्रात आलेल्यांचे इकडे लक्ष नसते. तुम्ही एचआरमध्ये आहात, ही तुमची जमेची बाजू आहे.

उत्तर: लघुउद्योजक, उद्यमनगर

आमच्यासारख्या ४० माणसांच्या कारखान्यात या कामासाठी स्वतंत्र पद निघणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मात्र क्युपोला (कोकवर चालणारी जुनी भट्टी) बंद करून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली तेव्हा भट्टीवरच्या जुन्या माणसांशी नीट बोलणारे कोणी भेटले असते, तर सहा महिन्यांचे मानधन मी आनंदाने दिले असते. पुण्याचा अनुभव घेऊन परत आलात, तर साखर कारखाने, दूध संघ आणि सहकारी बँका इथेच आहेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल आमचा स्क्रीन उघडून पाहिला. आमच्याकडेही ‘विभाग’ असा एकच रकाना आहे आणि त्यात फेटलिंग आपोआप भरले जाते. दीड वर्षात हे माझ्या लक्षात आले नाही. आता सुपरवायझरचे नाव पुढे न आणता हे मालकांसमोर कसे मांडावे?

उत्तर: निवृत्त एचआर व्यवस्थापक, शिरोली औद्योगिक वसाहत

त्यांचे नाव अजिबात घेऊ नका आणि त्यांच्याकडे डायरी असली तर तीही मागू नका. एका पाळीत बाजूला काढलेली ब्लोहोलची कास्टिंगे मालकांना प्रत्यक्ष दाखवा आणि त्यांच्याशेजारी तुमचा स्क्रीन उघडून ठेवा. ब्लोहोल फेटलिंगला होत नाही, हे फौंड्रीच्या मालकाला वेगळे सांगावे लागत नाही.