करवत घरीच राहू द्या

वर एका ताईंनी विचारलंय: मुलगा अमेरिकेत कोलोरॅडोत एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला निघालाय, तर सुरी, कुऱ्हाड, करवत सगळं पाठीवर न्यायचं का? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्न उरला नाही, पण इथे इंदुरात कुठल्याही मटणवाल्याचा हात नीट बघा, उत्तर मिळतं. बकऱ्याचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो. पाय उचलून धरला की सुरी सरसर आत जाते. मागचा खुब्याच्या सांध्यात सुटतो. एल्कचंही तसंच, फक्त नर ३०० किलोच्या घरात! पोट न फाडता एकेक बाजू सोलून पाय आणि पाठीचं मांस काढलं, तर करवत लागतच नाही.

बदलत्या पात्याची सुरी वजनाला नगण्य, सोलायला झकास. पण सांध्यात पिरगाळली की पातं कटकन मोडतं आणि तुकडा मांसात हरवतो. म्हणून चारेक इंची अखंड पात्याची एक सुरी सोबत हवीच. वजन कुऱ्हाडीत वाचवा, मांस भरायच्या पिशव्यांत नको. त्या हवा खेळेल अशा कापडाच्याच घ्या. प्लास्टिकमध्ये ऊब कोंडून मांस आंबतं. आणि हो, कोलोरॅडोत नर-मादी ओळखू येईल असा अवयव मांसाला जोडलेला ठेवावा लागतो, तो आधीच छाटू नको म्हणावं त्याला.