मदत हवी आहे: फ्रान्समध्ये आतल्या शांत रस्त्यांवर सायकल चालवायची आहे, कुठला भाग निवडावा?

नमस्कार मंडळी,

२०२७ च्या ऑगस्टमध्ये नवरा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस करायचं म्हणतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली ही राइड आता चार वर्षांतून एकदा होते. १२०० किमी, जास्तीत जास्त ९० तास, आणि त्याआधी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड) पार पाडायच्या. ते सगळं त्याचं तो बघेल. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे.

एवढा व्हिसा, तिकिटं, सायकल बॉक्समध्ये भरण्याचे कष्ट, आणि मी काय फक्त शेवटच्या रेषेवर केळी घेऊन उभी राहणार? माझीही सायकल नेते आहे. त्याची झोप झाली की साधारण दोन आठवडे दोघांनी मिळून फिरायचं. रोज ४० ते ६० किमी, घड्याळ न बघता. मला जुन्या दगडी वास्तूंचं वेड आहे, विशेषतः अकराव्या-बाराव्या शतकातल्या रोमानेस्क चर्चेस आणि मठांचं. आल्प्स-पिरेनीजचे घाट नकोत. छोटे चढ चालतील, नाशिककर आहोत. मोटारींची वर्दळ मात्र अजिबात नको. इथे कसारा घाटाच्या बाजूला ट्रकांच्या धुरात पुरेसं आयुष्य गेलंय.

आतापर्यंत जे वाचलं ते असं. ल्वार नदीकाठचा मार्ग सगळेच सुचवतात: नव्हेरजवळून अटलांटिकपर्यंत सुमारे ९०० किमी, पाट्या लावलेल्या, वाटेत शाँबोर, आँब्वाझ, व्हिलाँद्री. पण प्रत्येक फोटोत सायकलींची रांग दिसते. दोर्दोन्यचे किल्ले आणि गुहा मोहात पाडतात, पण बेनाकच्या आसपास नदीकाठच्या डी७०३ रस्त्यावर उन्हाळ्यात मोटारी तुंबतात म्हणे. तिसरा पर्याय बर्गंडीचा दक्षिण भाग, क्लूनीच्या आजूबाजूचा. त्याबद्दल मराठीत काहीच सापडलं नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: यातलं काय निवडावं? रस्ता शांत आहे की नाही हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि अंड्यापर्यंतच मजल असलेल्या माणसाचं खेड्यापाड्यात जेवणाचं काय?

आगाऊ धन्यवाद.

ल्याँवासी

ताई, धागा आवडला. क्लूनी माझ्यापासून जवळ आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जमलं की पहिला आपोआप सुटतो. मिशलँ या फ्रेंच कंपनीचा १:१,५०,००० प्रमाणाचा छापील नकाशा घ्या, म्हणजे एक सेंटिमीटरला दीड किलोमीटर. त्यावर लाल रस्ते मोठ्या वाहतुकीचे, पिवळे मधले, आणि पांढरे गावागावांना जोडणारे. आपल्याला पांढरेच हवेत. ते बहुतेक डांबरी असतात आणि एखादा ट्रॅक्टर सोडला तर त्यांच्यावर कोणी भेटत नाही. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो देखणा आहे असं समजायचं. चढ असेल तिथे बाणाची खूण असते आणि बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. दोन बाण दिसले की ९ टक्क्यांच्या पुढचा चढ. तीन दिसले तर नवऱ्याला पुढे पाठवा आणि तुम्ही वळसा घाला. फोनवरचं ॲप हवं तर सोबत ठेवा, पण ते 'सर्वांत जवळचा' रस्ता शोधतं आणि तुम्हाला थेट पिवळ्यावर नेऊन सोडतं.

आता बर्गंडी. जिव्रीपासून क्लूनीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर मोटारबंद सायकलरस्ता आहे, १९९७ मध्ये सुरू झालेला, फ्रान्समधला त्या प्रकारचा पहिला. सुमारे ४४ किमी, गाडीचा रूळ होता म्हणून चढ नाममात्र. पण त्यावरून सरळ निघून जाऊ नका. त्याला कण्यासारखा वापरा आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या रस्त्यांवर फुटा. कोर्मातँ किंवा क्लूनीला मुक्काम ठेवून रोज वेगळा फेरा मारता येतो. सामान खोलीतच राहतं.

तुमच्यासाठी पहिलं नाव शापेझ. अगदी लहान गाव, आणि मधोमध अकराव्या शतकातलं चर्च, त्याचा मनोरा गावाच्या मानाने अवाजवी उंच. सपाट कुरणांतून येताना तो लांबूनच दिसू लागतो. तिथून डी१४ ने पुढे ब्राँसियोंची डोंगरावरची गढी आणि तिच्या टोकाला बाराव्या शतकातलं चर्च. शेवटचा चढ घाम काढतो. पलीकडे उतरलात की तूर्नू, तिथलं सँ-फिलिबेर हे मठाचं चर्च आतून बघाच. जाडजूड गोल खांब, नक्षी जवळपास नाहीच.

क्लूनीत मात्र जे नाही ते बघायला जायचं. मठ ९१० मधला. तिसरं चर्च १०८८ पासून बांधलं, आणि रोममधलं आजचं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं, लांबी १८७ मीटर. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि लोकांनी खाण समजून दगड काढून नेले. आता दक्षिणेकडच्या बाजूचा एक तुकडा आणि मनोरे उरलेत. तो तुकडाच इतका उंच आहे की मान दुखते.

पंक्चरवाला

ल्वारला उगाच नाकारू नका. शांत म्हणजे माणसं नकोत की मोटारी नकोत, ते आधी ठरवा. ल्वारकाठी सायकली दिसतील, मोटारी फार कमी. आणि १ सप्टेंबरच्या सुमाराला तिकडच्या शाळा सुरू होतात, की गर्दी एकदम ओसरते. फोटो जुलै-ऑगस्टचे असतात. शिवाय 'आक्युई व्हेलो'ची पाटी असलेल्या घरी आणि हॉटेलांत सायकलला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. फोंतव्रोचा मठ तुमच्या बाराव्या शतकात बसतो, इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टची समाधीशिल्पाकृती तिथे आहे.

सह्यवारा

पीबीपी (पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस) केली आहे म्हणून दोन शब्द. शेवटच्या रेषेनंतर नवऱ्याला पहिले दोन दिवस सायकलचं नाव काढू देऊ नका. हाताची बोटं बधिर होतात, काहींना ब्रेक दाबणंही जमत नाही. म्हणून लगेच लांबची गाडी पकडण्यापेक्षा सुरुवात जवळून करा.

२०१९ आणि २०२३ ला सुरुवात आणि शेवट पॅरिसजवळच्या राँबुयेला होता. यावेळीही तसंच असेल असं धरलं, तर 'व्हेलोसेनी' हा पॅरिसहून माँ-सँ-मिशेलकडे जाणारा ४५० किमीचा मार्ग तुमच्या दारातूनच जातो. राँबुयेहून मँतनों, तिथून शार्त्र. मँतनोंला वाड्याच्या बागेत अर्धवट पाणवाहिनीच्या प्रचंड कमानी उभ्या आहेत. चौदाव्या लुईला ऊर नदीचं पाणी व्हर्सायच्या कारंज्यांना न्यायचं होतं, मग लढाई सुरू झाली आणि काम थांबलं ते कायमचं. शार्त्रचं कॅथेड्रल ११९४ च्या आगीनंतर उभारलेलं. बोसचा मुलूख सपाट गव्हाचा, त्यामुळे मनोरे फार लांबून दिसतात. वारा समोरून असेल तर ते जवळच येत नाहीत, एवढं मनात धरून ठेवा.

पुढे पेर्शमध्ये टेकड्या सुरू होतात. तिथे कोंदे-स्युर-विस्न ते आलाँसों पुन्हा जुन्या रेल्वेवरचा रस्ता आहे. फार सुंदर असं म्हणणार नाही, दोन्ही बाजूंना झाडीच झाडी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! पंक्चरवाला, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. मोटारी नकोत, हे खरं. पण दर वळणावर 'बाँजूर' म्हणणारा ताफाही नको, त्यामुळे ल्वार पुढच्या खेपेला.

बेत असा जुळतोय: राँबुयेहून रमतगमत शार्त्र, तिथे नवऱ्याचे पाय माणसात येईपर्यंत मुक्काम, मग रेल्वेने पॅरिसमार्गे बर्गंडी. ल्याँवासी, सायकली घेऊन हे जमेल का? आणि जेवणाचं कोणीच बोललं नाही!

ल्याँवासी

जमेल. शार्त्रहून गाडी पॅरिसच्या माँपारनास स्टेशनला येते. तिथून मेट्रोत सायकल नेण्याच्या भानगडीत पडू नका, चालवतच बेर्सी स्टेशनला जा, पाचेक किलोमीटर. बेर्सीहून दिजाँमार्गे ल्याँकडे जाणारी टीईआर, म्हणजे प्रादेशिक गाडी, पकडायची. ती टीजीव्ही या वेगवान गाडीपेक्षा खूप हळू, पण सायकल सुटी न करता चढवता येते. जागेचं आरक्षण लागतं का, ते त्या हंगामात तपासा. माकोंला उतरून क्लूनीकडे निघालात तर वाटेत ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो, जुन्या रेल्वेचा, १.६ किमी. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी तो बंद ठेवतात, सप्टेंबरमध्ये उघडा असतो. आत गारठा असतो, विंडचीटर वरच ठेवा.

जेवण: दुपारी १२ ते २ ची वेळ चुकली की खेड्यात काही मिळत नाही. सोमवारी बऱ्याच बेकऱ्याही बंद, म्हणून रविवारी सकाळीच पाव, चीज, टोमॅटो, फळं भरून घ्या. हॉटेलात ऑम्लेट आणि बकरीच्या चीजची सॅलड हमखास मिळते, पण सॅलडमध्ये डुकराचे बारीक तुकडे टाकायची सवय आहे. 'सां लार्दों' हे स्पष्ट सांगा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ते तुकडे कधीकधी येतातच, ते त्यांच्या हिशोबात मसाल्यात जमा. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, दाराजवळ नळ असतो. 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर मात्र पिऊ नका.

आणि एक, हे खरोखर महत्त्वाचं. तिकडे उजवीकडून चालवायचं, ते दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पण गावात उजवीकडच्या बारीकशा गल्लीतून येणाऱ्या गाडीचा हक्क आधी असतो, तुम्ही मोठ्या रस्त्यावर असलात तरीही. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर हक्क तुमचा. गावाबाहेर मोटारीने तुम्हाला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक जण सोडतात. मागे कोणीतरी हॉर्न न वाजवता हळू येत राहील. आधी दचकायला होतं.

धागाकर्ती

नळाचं ऐकून सासूबाई हादरल्या आहेत. नकाशा मागवते. आता एकच उरलं: सायकलींचे रिकामे बॉक्स दोन आठवडे कुठे ठेवायचे?

सह्यवारा

परतीच्या आदल्या रात्रीसाठी राँबुयेला त्याच हॉटेलात पुन्हा खोली घ्या आणि बुकिंग करतानाच बॉक्स ठेवू द्याल का ते विचारा. बुकिंग लवकर करा, त्या आठवड्यात गाव हजारो सायकलवाल्यांनी भरलेलं असतं.